खाली बसायचं नाही

झाशीजवळ बिजौलीच्या एका लाकडी सामानाच्या कारखान्यात मी पहिल्यांदा बँडसॉ पाहिला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगंबाई, ही तर विळी!"

मशीन चालवणाऱ्या गृहस्थांना विळी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. झाशीत आमच्या आजूबाजूच्या घरांतून भाजी चाकूनेच चिरतात. मग मी तिथेच भुश्शात उकिडवी बसून त्यांना विळी करून दाखवली. पाटावर गुडघा, समोर उभं पातं आणि हातात काल्पनिक दुधी. चाकूने चिरताना भाजी थांबते आणि पातं चालतं. विळीवर पातं आपल्या जागी असतं आणि भाजी चालत त्याच्याकडे जाते. बँडसॉचंही तसंच. वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. ती पट्टी धावत असते, पण धावते एकाच जागी, मेजाच्या भोकातून खाली जात. लाकूड आपण तिच्यापाशी न्यायचं.

त्यांनी माझं दुधी चिरणं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "हओ. पर आपकी वाली बिजली से नईं चलती."

हे गृहस्थ समथरकडचे. सगळी उमर सैन्यात सुतारकाम केलेलं, निवृत्तीनंतर छावणीच्या मागच्या बाजूला घर बांधून राहिलेले. कारखान्यात सगळे त्यांना फौजीजी म्हणायचे. मिशा पिळदार, बढाया त्याहून पिळदार. शनिवारी मशीनला नवीन पातं चढवायचे नाहीत, कारण शनिवारी लोखंड घरात आणू नये. "अहो, पातं तर बुधवारीच आणलंय," असं मी एकदा म्हटलं, तर तीन रविवार माझ्याशी तुटक बोलत होते.

मी तिथे गेले होते आईसाठी. बाबा रेल्वेत होते, ते गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजात मुलींना गणित शिकवायची आणि आई घर चालवायची, तेही जमिनीवर बसून. सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर विळी मांडून ती बसली की तिथून सगळ्या घराला हुकूम सुटत. दूध वर येतंय, दार वाजतंय, तुझी छत्री खुंटीला आहे, या भाजीवाल्याला सांग कालची गवार जून होती. विळीवरून नजर न उचलता तिला सगळं दिसायचं.

मग एक दिवस ती मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण कंबर चांगलीच दुखावली. काही दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायला नेलं. तपासणी झाल्यावर मी टेंपो, म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा, बघायला बाहेर गेले आणि डॉक्टर तिच्याशी दोन शब्द बोलले. टेंपोत बसल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता खाली बसायचं नाही. नाहीतर सगळं आखडून जाईल."

वाक्य सरळ होतं. आम्ही ते पाळलं. मी वेताची खुर्ची आणली, खिडकीपाशी ठेवली, आणि आई तिच्यात बसली. बसली ती बसलीच.

मी विळी ओट्यावर ठेवून पाहिली. आई म्हणाली, "उभ्यानं विळी? गुडघ्याखाली पाट नाही तर तिला धरणार कोण, तुझा काका?" तिला चाकू दिला. तिनं एक बटाटा चिरला आणि चाकू धुऊन ठेवून दिला. परक्या घरात पाहुणी हात लावते तसा तो लावलेला हात होता. मी कॉलेजला निघताना ती खुर्चीत, परतले की खुर्चीत. चालणंही कमी होत गेलं. विचारलं की म्हणायची, "मला काय काम आहे आत?"

एका सकाळी भाजीवाला दारावरून ओरडत गेला आणि आईनं मानही वर केली नाही. गवार आहे का, कोवळी आहे का, काही नाही. त्या दिवशी मला भीती वाटली. कंबर बरी होईल हे मला ठाऊक होतं, पण खुर्चीत बसलेली ही बाई हळूहळू कुणीतरी दुसरीच होत चालली होती आणि माझी आई मला परत हवी होती.

गणिताच्या बाईला सुचेल ते मला सुचलं. मी आकृती काढली. खुर्चीच्या उंचीचा लांबट बाक. मागे बसायची जागा, पुढे मांडीखाली दाबून धरता येईल अशी फळी आणि तिच्यावर विळी. विळीच्या पुढे परात ठेवायला दुसरी एक फळी, तिच्यात अर्धवर्तुळाची खाच, म्हणजे परात तिच्यात अडकून राहील, घसरणार नाही. बाजारातल्या सुतारांनी आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि हसले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या सासरचा बिजौलीत कारखाना होता. ती म्हणाली, "बहनजी, आप आइए तो." अशी मी फौजीजींच्या हाताखाली आले.

आईची वस्तू आपल्या हातानं कापावी म्हणून मी मशीन शिकतेय, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर मला ते मशीन चालवून पाहायचं होतं. आयुष्यभर फळ्यावर वर्तुळं काढली, एकही हाताला लागलं नव्हतं.

फौजीजींची शिकवण म्हणजे कवायत. मशीनपाशी जाण्याआधी बांगड्या काढा, घड्याळ काढा, पदर कमरेला घट्ट खोचा, अंबाडा बांधा. हातमोजे घालू का, असं मी विचारलं तर ओरडले. मोज्याचा एक धागा दात्यात अडकला की मागोमाग हात जातो. उभं राहायचं पात्याच्या किंचित डावीकडे, कारण पातं तुटलं तर बहुधा उजवीकडे उडतं. हात कधीही पात्याच्या रेषेत नाही. लाकडाचा शेवटचा तुकडा बोटांनी ढकलायचा नाही, काठीनं ढकलायचा. आणि गार्ड. पात्यावर एक लोखंडी झाकण असतं, वर-खाली सरकणारं. लाकडाच्या वर जेमतेम बोटभर फट राहील इतकं ते उतरवायचं, म्हणजे उरलेलं सगळं पातं झाकलेलं राहतं.

मी प्रत्येक वेळी विचारायची, का?

"फौज में क्यों नईं होता, बहनजी."

पण मला 'का' शिवाय काही गिळता येत नाही. म्हणून मी ते मशीनलाच विचारायला लागले. टाकाऊ फळ्यांवर वाकड्यातिकड्या रेषा काढायच्या आणि कापायच्या, असे कितीतरी रविवार गेले. पात्याचे दाते खाली तोंड करून असतात, त्यामुळे कापताना लाकूड मेजावर दाबलं जातं, उसळत नाही. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. दाते आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणून पडणारी चीर पात्यापेक्षा जराशी रुंद असते. पात्याला वळायला जागा मिळते ती तेवढीच. रुंद पातं म्हणजे रुंद पट्टी, ती लहान वळणात मावत नाही. बळजबरी केली की ती पिळवटते, कुरकुरते, चाकावरून निसटते किंवा तुटते. लहान वळणाला अरुंद पातं हवं. तेही मावत नसेल तर आधी कडेपासून रेषेपर्यंत छोट्या छोट्या चिरा मारून ठेवायच्या. मग मुख्य रेष कापताना टाकाऊ लाकूड फाकाफाकांनी गळून पडतं आणि पातं मोकळं राहतं.

शिवाय नजर पात्यावर ठेवायची नाही. पात्याच्या थोडं पुढे, रेष जिथे जाणार आहे तिथे ठेवायची. वळणात अडकलात तर चालू मशीनवर लाकूड मागे ओढायचं नाही, पातं चाकावरून उतरून येईल. बंद करायचं, पूर्ण थांबू द्यायचं, मग मागे घ्यायचं. आणि नेहमी रेषेच्या टाकाऊ बाजूने कापायचं, रेष आपल्या तुकड्यावर राहू द्यायची. जास्तीचं घासून काढता येतं, कमी पडलेलं चिकटवता येत नाही.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगायची. विळीचे तिचे नियमही असेच होते. काम झालं की विळी आडवी करून ठेव, उभी सोडू नकोस. चालू विळीवरून हात पुढे करू नकोस. विळीवर बसलेल्या बाईला हाक मारू नकोस. मला वाटायचं, ती म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? ती नुसती "हो का" म्हणायची आणि खिडकीबाहेर पाहायची.

अखेर खऱ्या फळीचा दिवस आला. शिसमाची चांगली फळी, तिच्यावर परात उपडी ठेवून पेन्सिलनं काढलेलं अर्धवर्तुळ. वळण मोठं होतं, अरुंद पात्याला सहज जमणारं, चिरा मारायचीही गरज नव्हती. फौजीजींनी त्याआधी एका पलंगाचा जाडजूड पाय कापला होता. त्यांनी तो बाजूला केला, माझी फळी मेजावर ठेवायला सांगितली आणि बटण दाबलं. मशीन घूं घूं करायला लागलं. मी दोन्ही हात फळीवर ठेवले, आणि पाहिलं तर गार्ड पलंगाच्या पायाच्याच उंचीवर राहिलेला. वीतभर पातं उघडं, माझ्या डोळ्यांसमोर धावतंय. नियम शिकवणाऱ्याचाच नियम राहून गेला होता.

हात हलवायची हिंमत नव्हती. मी ओरडले, "फौजीजी, गार्ड खाली कर दीजिए!"

"क्या?"

"गार्ड! खाली! बिलकुल खाली!"

त्यांनी लाल बटण दाबलं, कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शत्रूला फितूर झाले होते.

"बहनजी, पूरी नौकरी में हमने गार्ड खाली नईं छोड़ा. बरफ में नईं छोड़ा. और आप कह रईं, गार्ड खाली कर दो?"

"अहो, मग मी काय म्हणतेय! हाथ कट जाएगा मेरा!"

"तभी तो कह रए, खाली काए करें?"

"तभी तो कह रही हूँ, खाली करो!"

आम्ही दोघं एकच गोष्ट मागत होतो आणि एकमेकांवर खेकसत होतो. शेवटी मी फळीवरचा एक हात उचलून बोट जमिनीकडे केलं. फौजीजींनी बोटाकडे पाहिलं, गार्डकडे पाहिलं.

"अरे, तो नीचे कहो ना!"

मी जन्माची झाशीची. रस्त्यावर, कॉलेजात, बाजारात हिंदीच बोलत आलेली. पण घाबरलं की माणूस घरच्या भाषेत घाबरतं. माझं 'खाली' म्हणजे खालच्या बाजूला. त्यांचं 'खाली' म्हणजे रिकामं, आणि फौजीला पहाऱ्याची जागा रिकामी करायला सांगणं म्हणजे गुन्हाच. आम्ही दोघंही हसत सुटलो.

बटण बंद केलं तरी बँडसॉ लगेच थांबत नाही. चाकं आपल्या वेगानं फिरत राहतात, आवाज उतरत जातो, आणि तोवर हात जवळ न्यायचा नसतो. आम्ही हसून थांबलो तरी पातं फिरतच होतं. त्या उतरत्या आवाजात मला आईचं टेंपोतलं वाक्य ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही.

डॉक्टर मराठी नव्हते.

आई साताऱ्याकडची. लग्न होऊन झाशीत आली, भाजीवाल्यापुरतं, मोलकरणीपुरतं हिंदी शिकली आणि बाकी सगळं मराठीत भागवलं. डॉक्टर हिंदीत काय म्हणाले असतील? तिनं ते मला मराठीत सांगितलं, आणि तो एक शब्द जसाच्या तसा या भाषेतून त्या भाषेत आला, म्हणून कुणालाच खटकला नाही. जे वाक्य नीट कळलंय असं वाटतं, ते पुन्हा कोण विचारतं?

माझा चेहरा पाहून फौजीजींनी मशीनची तारच काढून ठेवली. "ध्यान घर पे होय, तो हाथ मशीन पे नईं. जाओ." त्या एका नियमाला मी 'का' विचारलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. विचारलं, आई जमिनीवर बसू शकते का?

"क्यों नहीं? सहारा लेकर, धीरे-धीरे. रोका किसने है?"

"आपने. आपने कहा था, खाली मत बैठना."

"हाँ, वो तो मैं सबसे कहता हूँ. खाली मत बैठिए, हाथ-पैर चलाती रहिए, नहीं तो सब अकड़ जाएगा."

मी त्यांना मराठीतला अर्थ सांगितला. ते मोठ्यानं हसले आणि मग एकदम हसायचे थांबले.

"तो इतने दिन वे करती क्या रहीं?"

"खाली बैठी थीं," मी म्हटलं.

घरी आईला सांगितलं. तिला आधी कळेना. मग कळलं तशी ती खुर्चीत ताठ झाली. "म्हणजे मी इतके दिवस खाली न बसता खालीच बसले होते?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडली. मीही रडले, रागानं. राग कुणाचा ते मात्र ठरवता येईना. डॉक्टरांचा नाही, आईचा नाही. एका शब्दावर किती रागावणार?

"धर मला," आई म्हणाली. "आत्ताच बसते."

मी तिला भिंतीला धरून हळूहळू उतरवायला लागले. पण इतके दिवस खुर्चीत बसून डॉक्टर म्हणाले होते तेच झालं होतं, गुडघे आखडले होते. जमीन वीतभर राहिली आणि गुडघे पुढे जाईनात. ती तशीच अधांतरी, माझ्या गळ्यात हात टाकून, फरशीकडे बघत राहिली. मग मी तिला पुन्हा वर घेतलं. खुर्चीत बसल्यावर या वेळी तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. सारखी फरशीकडे पाहत होती.

पुढच्या रविवारी मी बिजौलीला गेले. बाक रद्द. तिला खुर्चीच्या उंचीवर विळी नको होती, तिला जमीन हवी होती आणि फक्त एक वीत कमी पडत होती. माझी शिसमाची फळी तशीच होती, तिच्यावरचं अर्धवर्तुळही तसंच. मी परातीच्या खाचेसाठी ते काढलं होतं, म्हणजे आतला अर्धचंद्र टाकून द्यायचा होता. आता तोच हवा होता. त्याला खालून वीतभर उंचीचे दोन आडवे ठोकळे ठोकले की झाला पाट. सरळ कड विळीकडे, गोलाई मागे.

"रेषेच्या कोणत्या बाजूने घेऊ?" मी स्वतःशीच मराठीत पुटपुटले. टाकाऊ होतं ते ठेवायचं होतं, तेव्हा पातं आता रेषेच्या बाहेरून जायला हवं होतं. रेष तीच, केसभरही हललेली नाही, फक्त पात्यानं बाजू बदलायची.

फौजीजींनी या वेळी स्वतः गार्ड बोटभर फटीपर्यंत उतरवला, तो जागी धरणारी किल्ली आवळली, मिशीतल्या मिशीत हसले आणि बटण दाबलं. मी डावीकडे उभी राहिले. हात रेषेबाहेर, नजर पुढे. शिसमाचा गोडसर करपट वास आला. मला वाटायचं, वळण कापताना आपण लाकूड वळवतो. तसं नसतं. आपण सावकाश पुढे ढकलत राहायचं आणि ढकलता ढकलताच फळी फिरू द्यायची. दोन्हीपैकी एक थांबलं की रेष सुटते. काठीनं शेवटचा भाग ढकलला आणि अर्धचंद्र अख्खाच्या अख्खा सुटून मेजावर आला. कडेला माझी पेन्सिलची रेष शाबूत होती. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, अर्थात मशीन थांबल्यावर.

पाटावर आई बसली. गुडघे मुडपले, एक विळीच्या पाटावर आला. पहिल्या दिवशी तिनं फक्त एक काकडी चिरली आणि घामाघूम झाली. दुसऱ्या दिवशी दुधी. पंधरवड्यानं म्हणाली, "हे उंच होतंय, बोटभर कमी कर." मी ठोकळे घेऊन बिजौलीला. पुन्हा काही दिवसांनी, "अजून बोटभर." फौजीजी प्रत्येक वेळी विचारायचे, "अम्मा कितने नीचे आईं?" आणि मोजून बोटभर कापून द्यायचे. शेवटी ठोकळे उरलेच नाहीत. एका सकाळी मी उठले तर पाट भिंतीला टेकवून ठेवलेला, आई फरशीवर आणि भाजीवाला दारात उभा राहून शिव्या खात होता. गवार जून होती.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे एकदा दाखवायला गेलो. मी या वेळी टेंपो बघायला बाहेर गेले नाही. त्यांनी आईचे गुडघे वाकवून पाहिले, खूश झाले आणि गमतीनं, माझ्याकडे डोळा घालून विचारलं, "माँजी, अब खाली तो नहीं बैठतीं?"

आईनं पदर सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला इतकं जपून, शब्द निवडून हिंदी बोलताना मी ऐकलं.

"नीचे बैठती हूँ, डॉक्टर साहब," ती म्हणाली. "खाली नहीं."